लेगोसचे योरुबा लोक, त्यांची भाषा आणि घरात शिरलेली इंग्रजी

इकेजावासी

कामामुळे बरीच वर्षं लेगोसला आहे, राहतो इकेजाला. इथे मराठी माणसं तशी कमी नाहीत, पण आपल्यातल्या बहुतेकांचा नायजेरिया म्हणजे फॅक्टरी, ड्रायव्हर, जनरेटर आणि एअरपोर्ट. ज्यांची ही मूळ जमीन त्या योरुबा लोकांबद्दल कोणी काही लिहीत नाही म्हणून हा धागा काढतोय.

योरुबा म्हणजे नायजेरियाचा नैऋत्य भाग, लेगोस, इबादान, अबेओकुटा, इले-इफे, ओयो हा पट्टा, शिवाय शेजारच्या बेनिन आणि टोगोमधे पण आहेत. बोलणारे चार कोटींच्या वर. नायजेरियाचं पहिलं वर्तमानपत्र १८५९ मधे अबेओकुटाला निघालं तेच मुळी योरुबात.

मला सगळ्यात आवडतं ते यांचं एकमेकांना विचारणं. सकाळी 'एकारो', दुपारी 'एकासान' हे तर झालंच, पण काम करत असलेल्या माणसाला वेगळं, नुसत्या बसलेल्याला वेगळं, बाहेरून घरात शिरताना घरातल्यांना वेगळं, खूप दिवसांनी भेटलेल्याला वेगळं. केस विंचरून वेण्या घालत बसलेल्या बायकांसाठी सुद्धा खास शब्द आहेत. न बोलता कोणाच्या अंगावरून गेलात तर माणूस शिकलेला असो की नसो, त्याला वळण नाही असं धरतात. थोरांपुढे पुरुष आडवे होतात, बायका गुडघे टेकतात. शहरात आता नुसतं वाकून किंवा बोटं जमिनीकडे नेऊन भागवतात पण टाळत नाहीत कोणी.

आता रड अशी की आमच्या बिल्डिंगमधल्या योरुबा घरांतली मुलं हे वाकणं अजून करतात पण तोंडाने 'गुड मॉर्निंग सर' म्हणतात. आई योरुबात बोलते, पोरगं इंग्रजीत उत्तर देतं. त्यांच्याकडे थोरांशी बोलायला 'ए' आणि बरोबरीच्यांशी 'ओ', आपल्या तुम्ही-तू सारखंच, ते सगळं यू मधे सपाट होऊन जातं. कितीतरी शाळांत योरुबा बोललं तर शिक्षा किंवा दंड, आणि त्याच शाळेत कल्चरल डे ला पोरांना फेटे नेसवून फोटो काढतात.

माझं म्हणणं एवढंच की जे रोज कशाला तरी लागतं ते इथे टिकलंय, जे फक्त अभिमानाचं होऊन बसलंय ते पातळ होत चाललंय. तुम्हाला काय वाटतं, बाहेर राहणाऱ्यांनी आपापल्या गावचं लिहा.

धोंडोपंत

चार कोटी लोक बोलतात आणि भाषा वाचवायची काळजी? उगाच रडगाणं आहे राव. आधी आपल्या पोरांचं बघा, आमच्या सोसायटीत लिफ्टमधे एक पोरगं मराठी बोलत नाही. आणि फेटे नेसवत नाहीत, बांधतात.

रानजाई

@धोंडोपंत आकडा मोठा असला म्हणजे झालं असं नसतं हो. चार कोटी म्हणजे आज जिवंत असलेले सगळे, त्यातल्या शहरी आईबापांनी मुलांशी बोलणं थांबवलं तर आकडा दोन पिढ्या तसाच दिसतो आणि मग एकदम बसतो.

मी भाषाशास्त्र केलंय त्यामुळे यातलं एक प्रकरण सांगतेच. १९७० मधे इफे विद्यापीठात बाबातुंडे फाफुनवा म्हणून शिक्षणतज्ज्ञ होते, त्यांनी एक प्रयोग सुरू केला. प्राथमिकची सहाही वर्षं गणित, विज्ञान, सगळं योरुबातून शिकवायचं, इंग्रजी फक्त एक विषय, पण तो विषय नीट येणाऱ्या वेगळ्या शिक्षकाने शिकवायचा. तुलनेसाठी दुसरे वर्ग, त्यांना पहिली तीन वर्षं योरुबा आणि मग नेहमीप्रमाणे इंग्रजी. यासाठी योरुबात पाठ्यपुस्तकं नव्याने लिहिली, विज्ञानाचे शब्द घडवले. निकाल काय, तर योरुबातून शिकलेली मुलं बाकी विषयांत पुढे होतीच पण इंग्रजीतही मागे पडली नाहीत. जगभर मातृभाषेतल्या शिक्षणावर कोणी काही लिहिलं की इफेचं नाव येतं. आणि त्यांच्या स्वतःच्या देशात? २०२२ मधे केंद्र सरकारने धोरण आणलं की प्राथमिकची सहा वर्षं मातृभाषेतून. नोव्हेंबर २०२५ मधे शिक्षणमंत्र्यांनी ते रद्द करून परत सुरुवातीपासून इंग्रजी. कारण दिलं की जिथे मातृभाषेवर भर दिला तिथली मुलं बोर्डाच्या परीक्षांत जास्त नापास होतायत. आता मला सांगा, २०२२ ला पहिलीत बसलेलं पोर २०२५ मधे बोर्डाच्या परीक्षेला कुठून येणार?

इकेजावासी

@रानजाई हेच. इथे त्यावर पेपरात बरीच हाणामारी झाली. पण दुसरी बाजू पण ऐकली मी, आमच्या स्टोअर्समधला एकजण म्हणाला साहेब पुस्तकं कुठायत, शिक्षक कुठायत, आणि लेगोसच्या वर्गात निम्मी पोरं इग्बो, हौसा, एगून, कोणाची मातृभाषा धरायची. ते पण खोटं नाहीये. लेगोस राज्याने २०१८ मधे वेगळा कायदा केलाय, सरकारी आणि खाजगी सगळ्या शाळांत योरुबा विषय सक्तीचा. कागदावर छान आहे.

रानजाई

आणि आपल्याकडे मराठी सक्तीचा कायदा २०२० चा. कागद दोन्हीकडे सारखेच चांगले असतात 😀

पेकमची_काकू

मी दक्षिण लंडनमधे पेकमला राहते, इथे राय लेनवर उभं राहिलात की योरुबा कानावर पडलीच पाहिजे, सुरणाएवढे याम नावाचे कंद रचून ठेवलेले असतात दुकानाबाहेर आणि कापडाची दुकानं ओळीने. आमच्या शेजारणीकडे नातू झाला तेव्हा बारशाला बोलावलं होतं. त्यांचं आठव्या दिवशी असतं. एका ताटात पाणी, मीठ, मध, कोला नट, कडू कोला, एक मिरीसारखा तिखट दाणा असतो ते, सगळं मांडलेलं आणि एकेक जिन्नस उचलून बाळाच्या ओठाला जरा लावायचं, त्याबरोबर आशीर्वाद, पाण्याचा कोणी वैरी नसतो तसा तुझा नसो, मधासारखं गोड आयुष्य असो असे. मग आजी आजोबा काका मावशी जो तो पैसे ठेवतो आणि आपलं नाव देतो. त्यामुळे पोराला खंडीभर नावं. दाखल्यावर एक लागतं पण आजी तिने ठेवलेल्या नावानेच हाक मारते.

शिवाय लाडाचं एक नाव असतं, ओरिकी म्हणतात, मुलींची आयिंके, अदून्नी, मुलांची अजानी, अकान्नी अशी. आणि अख्ख्या कुळाची पण ओरिकी असते, मोठीच्या मोठी, पूर्वज कोण, गाव कुठलं, काय पराक्रम केले, काय खोड्या केल्या सुद्धा. शेजारणीची आई आहे तोवर सकाळी नातवंडं पाया पडली की ती डोक्यावर हात ठेवून ते म्हणते आणि शेंबडं पोरगं सुद्धा ताठ होतं बघा. पण शेजारीणबाईंना स्वतःला पहिल्या दोन चार ओळींच्या पुढे येत नाही. मी म्हटलं अगं रेकॉर्ड करून घे, ती म्हणाली आई मोबाईल समोर धरला की म्हणतच नाही, म्हणते मी काय रेडिओ आहे का.

धोंडोपंत

हे मात्र भारी आहे. आजी आवडली.

इकेजावासी

@पेकमची_काकू नावांचा विषय काढलात तर मग लिहितोच. इथे नाव ऐकलं की अर्धी कुंडली कळते. बाबातुंडे म्हणजे आजोबा गेल्यावर जन्मलेला, बाप परत आला या अर्थी. येतुंडे तसंच आजीसाठी. जुळ्यांत आधी येणारा ताइवो आणि नंतरचा केहिंदे, पण मोठा मानतात केहिंदेला! कारण त्याने धाकट्याला पुढे पाठवलं, जा बघून ये जग कसंय. जुळ्यांच्या पाठचं भावंड इदोवू. आणि यांच्यात जुळी खरोखर फार, जगात सर्वात जास्त जुळी होणाऱ्या लोकांत धरतात यांना, ओयो राज्यातलं इग्बो-ओरा गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

आणखी एक प्रकार अबिकू. ज्या बाईची मुलं जगत नाहीत तिथे समजूत अशी की तोच जीव परत परत येतो आणि जातो. मग त्याला धरून ठेवायला नाव काय ठेवायचं, तर दुरोजाये, थांब आणि आयुष्य भोग. मालोमो, परत जाऊ नको. कोकुमो, आता हा मरणार नाही. आपल्याकडे मुलं जगायची नाहीत तेव्हा दगडू, धोंडू ठेवायचे ना, अगदी तसंच.

पण नावांवरच आता मोठा घाला आहे आणि तो इंग्रजीचा नाही, धर्माचा आहे. योरुबा लोकांत ख्रिश्चन मुसलमान दोन्ही भरपूर, एकाच घरात दोन्ही असतात आणि गुण्यागोविंदाने असतात, ईदचं मटण आणि ख्रिसमसचा भात दोन्हीकडे जातो. ते खरंच शिकण्यासारखं आहे. पण नवीन चर्चेस आल्यापासून ज्या आडनावांत इफा, ओगून, ओशुन असे जुने देव आहेत ती लोक बदलायला लागलेत. इफाच्या जागी जेसू किंवा ओलू घालायचं, बाकी नाव तेच. पंजोबा इफाचे पुजारी, म्हणजे २५६ ओदू (अध्याय म्हणा), एकेकात ढीगभर कविता आणि कथा, ते सगळं तोंडपाठ असलेला माणूस, युनेस्कोने ज्या विद्येला २००५ मधे मानवजातीचा ठेवा म्हटलं ती, आणि पणतू आडनावातून ते खोडतोय.

धोंडोपंत

थांबा थांबा. म्हणजे मी योरुबा असतो तर माझं नाव कोकुमो?? आजपासून आयडी बदलायचा विचार आहे. (माझ्या आधीची दोन गेली होती, आजीने ठेवलं हे नाव. खरंच.)

सांतोस_संतोष

ब्राझीलमधून लिहितोय. साल्वादोरला, म्हणजे बाहिया राज्यात, जे आहे ते या धाग्याला धरून आहे म्हणून सांगतो. गुलाम करून नेलेल्या योरुबांची तिथे मोठी वस्ती होती. त्यांचे देव तिथे कांदोम्ब्ले या पंथात अजून आहेत, शांगो, ओगून, येमांजा, ओशुन सगळे, गाणी पण योरुबात. रस्त्यावर पांढऱ्या घेरदार घागऱ्यातल्या बायका अकाराजे तळतात, चवळीच्या डाळीचे वडे, पाम तेलात. नायजेरियात त्यालाच अकारा म्हणतात. पण त्याच बाईशी योरुबात बोलायला गेलात तर नाही येणार, ती पोर्तुगीज बोलते. क्युबात पण तसंच, देव राहिले, बोलणं गेलं.

म्हणजे गंमत बघा, लेगोसला भाषा राहिली आणि देव मागे पडले, इथे देव राहिले आणि भाषा देवळापुरती उरली. इकेजावासी म्हणतात ते रोज लागण्याचं लॉजिक मग कुठे बसतं? इथे तर जे लपवावं लागलं, ज्याच्यासाठी पोलीस धाडी घालायचे, तेच जास्त टिकलं.

रानजाई

@संतोष चांगला मुद्दा. पण मला वाटतं त्यात विरोध नाहीये. गुलामांना मालकाशी आणि एकमेकांशी बोलायला पोर्तुगीज चालून गेली, देवाशी बोलायला चालली नाही. म्हणजे तिथे योरुबाला एक काम उरलं जे दुसरी भाषा करू शकत नव्हती, म्हणून तेवढीच उरली.

आणि परत आलेले पण आहेत हां, एकोणिसाव्या शतकात ब्राझील क्युबाहून सुटून लेगोसला आलेले, त्यांना अगुदा म्हणतात, लेगोस आयलंडवर त्यांची ब्राझिलियन वस्ती आहे. स्वतः अजायी क्राउदरचं बघा. १८२१ मधे लहानपणी पकडून गुलामांच्या जहाजावर चढवला, ब्रिटिश आरमाराने जहाज अडवलं, सिएरा लिओनला उतरवला, तिथे शिकला आणि पुढे १८६४ मधे पहिला आफ्रिकन अँग्लिकन बिशप झाला. योरुबाचा शब्दसंग्रह, बायबलचं भाषांतर, आजच्या लिखित योरुबाचा पाया बराचसा त्याचा. म्हणजे चर्चने नावं खोडली असतील पण लिपी पण चर्चमधूनच आली, दोन्ही एकदम धरावं लागतं.

गणिताच्या_बाई

मी फक्त आकड्यांसाठी आलेय. योरुबात मोजणी वीसवर चालते, आपल्या म्हाताऱ्या बाया तीन विसा चार विसा करत तसं, पण वरून वजाबाकी! पंधरा म्हणजे विसाला पाच कमी. सोळा म्हणजे विसाला चार कमी. पन्नास म्हणजे तीन विसांना दहा कमी, आणि पंचेचाळीस म्हणजे त्या पन्नासाला पाच कमी. आपल्याकडे एकोणीस एकोणतीसला एकच कमी करतो आणि तिथेच पोरं रडतात. मुलांना वर्गात सांगितलं तर वेडी झाली, अर्धा तास त्याच रीतीने आकडे पाडत होती. इकेजावासी, बाजारात खरंच असं मोजतात का अजून?

इकेजावासी

@गणिताच्या_बाई म्हाताऱ्या बायका मोजतात. ओयिंग्बो मार्केटला टोमॅटो मिरची घेताना घासाघीस योरुबातच, इग्बो दुकानदार सुद्धा योरुबात करतो कारण गिऱ्हाईक हातचं जाईल. पण मोठी रक्कम आली, फोन नंबर आला, की सगळे इंग्रजीवर. कॉलेजच्या पोरांना तीसच्या पुढे योरुबात मोजता येत नाही, हसतात नुसते.

मीठभाकर

एवढं वाचलं आणि खाण्यावर कोणीच नाही?? अमाला म्हणजे काय, फोटोत काळं दिसतं ते खातात कसं

इकेजावासी

@मीठभाकर वाळवलेल्या यामचं पीठ, उकळत्या पाण्यात घालून लाकडी काठीने जोर लावून घोटायचं, रंग तपकिरी काळा होतो. आपण उकड काढतो तसंच पण हात भरून येतात. त्यावर एवेडू, म्हणजे तागाच्या पाल्याचं बुळबुळीत सूप, आणि ग्बेगिरी, चवळीचं पिवळं, वरून मिरचीचा लाल रस्सा. उजव्या हाताने गोळा मोडून बुडवायचा. इबादानचे लोक अमालावरून भांडतात, लेगोसची अमाला ते अमाला मानतच नाहीत. अस्सल शाकाहारी असाल तर आधी सांगा, नाहीतर एवेडूमधे वाळलेली सुंगटं असतातच.

स्वयंपाकघर मात्र सुरक्षित आहे असं माझं मत. इंग्रजीत उत्तर देणारं पोर पण अमालाला हात धुऊन बसतं.

पेकमची_काकू

इथल्या पोरांचं उलट आहे हं, त्यांना अमाला नको पण गाणी हवीत. माझा मुलगा योरुबा मित्रांबरोबर आसाके या नायजेरियन गायकाची गाणी म्हणतो, शब्दनशब्द, आणि ती मुलं घरी आजीला अर्थ विचारतात. त्यातलं बरंचसं वळण जुन्या फुजी संगीताचं आहे म्हणे.

इकेजावासी

हो, फुजी म्हणजे रमजानात पहाटे लोकांना उठवायला पोरं गात फिरायची त्यातून सिकिरू आयिंदे बॅरिस्टर नावाच्या गायकाने काढलेला प्रकार. नाव त्याने जपानच्या डोंगरावरून घेतलं, विमानतळावर पोस्टर बघून. आता बोला, परंपरा परंपरा म्हणतात ती अशी.

रानजाई

मला एका गोष्टीवर तुमच्याशी भांडायचंय इकेजावासी. पहिल्या पोस्टमधे तुम्ही मिरवण्याला नावं ठेवलीत. पण ते ओवाम्बे, मोठमोठ्या पार्ट्या, पन्नास जणी एकाच कापडात, डोक्यावर तो 'गेले' नावाचा बायकांचा फेटा बांधलेला, हे नसतं तर इसेयिनच्या विणकरांनी आसो-ओके कापड कोणासाठी विणलं असतं? तो डमरूसारखा दोऱ्या दाबून वाजवायचा बोलका ढोल, तो वाजवणारा कुठे गेला असता? योरुबात तीन सूर आहेत, वरचा मधला खालचा, आणि ढोल ते सूर काढून खरोखर वाक्य बोलतो, पाहुण्याची ओरिकी वाजवतो. त्याला पोट भरायला लग्नंच लागतात. मिरवणं पण रोजगार आहे.

इकेजावासी

@रानजाई अर्धं मान्य. ढोलाचं शंभर टक्के मान्य, ज्याची ओरिकी वाजते तो ढोलवाल्याला नोटा चिकटवल्याशिवाय राहतच नाही (हल्ली ते कायद्याने गुन्हा आहे, धरतात पण, तरी चालू आहे). पण कापडाचं बघा. अबेओकुटाला इतोकू बाजारात अदिरे मिळतं, निळीत रंगवलेलं, अस्सल असेल तर कसाव्याची खळ कोंबडीच्या पिसाने कापडावर काढतात, मग निळीत बुडवायचं, खळ होती तिथे रंग चढत नाही. प्रत्येक नक्षीला नाव, एक आहे इबादानदून, त्यात इबादानच्या मापो हॉलचे खांब काढलेले असतात. आता त्याच बाजारात चीनहून छापून आलेलं तसंच दिसणारं कापड, फार स्वस्त. पार्टीत दुरून दोन्ही सारखंच दिसतं. मिरवायचंच असेल तर छापलेलं चालतं हो, आणि खळ लावणारी बाई घरी बसते. निके ओकुंडाये सारखी बाई आहे जिने ओशोग्बोला बायका पोरांना फुकट शिकवून हा धंदा उभा ठेवला, पण अशा किती.

रानजाई

हं. मग प्रश्न मिरवण्याचा नाही, ओळखण्याचा आहे. दुरून सारखं दिसतं म्हणताय, जवळून बघणारी नजर कोणी शिकवायची.

सांतोस_संतोष

ओशोग्बोला तर ते जंगल पण आहे ना, ओशुन देवीचं? २००५ पासून जागतिक वारसा.

इकेजावासी

हो, ऑगस्टमधे मोठी जत्रा, ब्राझीलचे लोक पण येतात. सुझान वेंगर म्हणून ऑस्ट्रियाची बाई तिथे आयुष्यभर राहिली आणि स्थानिक कारागिरांबरोबर ते देऊळ-पुतळे तिने उभे केले, नाहीतर तिथे कधीच प्लॉट पडले असते. पण नदीचं पाणी आता सोन्याच्या खाणींच्या गाळाने चहासारखं झालंय. भक्त तेच पाणी बाटलीत भरून नेतात. यावर कल्चरवाले कमी बोलतात.

जरा बरं पण सांगतो. २० ऑगस्टला इशेशे दिवस, म्हणजे जुन्या धर्माचा, त्याला आता काही योरुबा राज्यांत सुट्टी मिळायला लागली. बीबीसीने २०१८ मधे योरुबा सेवा सुरू केली. कोला तुबोसुन नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने योरुबा नावांचा ऑनलाईन कोश केलाय, नाव टाका, अर्थ आणि उच्चार मिळतो. नाहीतर एरवी मोबाईलवर लोक अक्षराखालची टिंबं आणि सुरांच्या रेघा सोडूनच टाइप करतात, आणि मग वाचणाऱ्याने अंदाजाने वाचायचं.

मीठभाकर

माझ्या नवऱ्याची बदली होतेय लेगोसला, म्हणून तर वाचतेय हे सगळं 😅 भाषा शिकायची असेल तर सुरुवात कुठून करू? क्लास आहेत का

इकेजावासी

@मीठभाकर क्लास नंतर. आधी वॉचमन, भाजीवाली, शेजारच्या आजी यांना रोज एकारो, एकासान, आणि काम करत असतील तर 'एकूशे' म्हणायला लागा. सूर चुकतील, लोक पोट धरून हसतील आणि लगेच दुरुस्त करतील, फी लागत नाही. थोरांना कायम 'ए' लावा. डाव्या हाताने पैसे किंवा वस्तू देऊ नका, घेऊ पण नका. आणि तुमची मुलं असतील तर त्यांना बिल्डिंगमधल्या पोरांत सोडा पण आजीबाई असतील त्या घरी, बाकी घरांत इंग्रजीच शिकून येतील.

धोंडोपंत

आणि आजीला माझं नाव सांगा, कोकुमो ऑफ सदाशिव पेठ. कुठल्या कुळाची ओरिकी लागते ते विचारून कळवा.